जमिनीखालचा समुद्र

पोवळी! मेक्सिको शहराच्या ऐन पोटात, कळसूबाईच्या माथ्याहूनही जवळजवळ सहाशे मीटर उंचावर, काचेपलीकडे पोवळ्यांच्या फांद्याच फांद्या. त्यांच्या बेचक्यांत शिंपले, मोठाले शंख, करवतमाशाचं लांबलचक दातेरी नाक आणि त्या सगळ्याखाली चक्क समुद्राची रेती. इथून समुद्र केवढा लांब! जवळात जवळचा किनारा सरळ रेषेत मोजला तरी सुमारे अडीचशे किलोमीटरवर, आणि मध्ये डोंगरांच्या रांगा. बरं, ज्यांनी हे सगळं इथवर आणलं त्यांच्याकडे बैल नव्हता, घोडा नव्हता, गाढव नव्हतं. ओझं वाहणारं एकही जनावर या मुलखात नव्हतं. कपाळाला पट्टा लावून, पाठीवर ओझं घेऊन माणसंच्या माणसं चालत आली. एका बाजूने आखाताचा समुद्र घेऊन, दुसऱ्या बाजूने पॅसिफिकचा.

आणि हे सगळं आणून काय केलं? एका दगडी पेटीत नीट मांडलं, वर झाकण ठेवलं, झाकणावर देवळाची फरशी बसवली. विषय संपला. पुन्हा कुणाच्या दृष्टीस पडू नये अशी ती सोय.

मी त्या काचेसमोरून हलायलाच तयार नव्हते.

हे तेम्प्लो मायोर, म्हणजे आस्तेकांचं महामंदिर. आज जिथे मेक्सिको शहर आहे तिथे एके काळी एक विस्तीर्ण सरोवर होतं, आणि सरोवरातल्या बेटावर तेनोच्तित्लान ही राजधानी. परंपरेने तिची स्थापना १३२५ ची मानतात. १५२१ मध्ये स्पॅनिश फौजेने ती घेतली, देऊळ पाडलं आणि त्याचेच दगड शेजारच्या कॅथेड्रलला लावले. मूळ देऊळ केवढं असावं? शेवटच्या अवस्थेत त्याची उंची सुमारे ४५ मीटर होती असं सांगतात. आपलं गेटवे ऑफ इंडिया २६ मीटरचं! एकाच प्रचंड चौथऱ्यावर दोन गाभारे होते. उत्तरेकडचा निळा, पावसाचा देव त्लालोक याचा. दक्षिणेकडचा लाल, युद्धाचा आणि सूर्याचा देव वित्सिलोपोच्त्ली याचा. दोघांसाठी दोन वेगळे जिने. पाऊस आणि युद्ध, शेती आणि खंडणी, राज्य चालायला लागणाऱ्या दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी.

आज वर पाहायला उरलाय तो देवळाचा पायाच. पण तो पाया म्हणजे काय प्रकार आहे! एकामागून एक राजांनी जुनं देऊळ न पाडता त्याच्यावरच नवं, मोठं देऊळ चढवलं. देवळाच्या पोटात देऊळ, त्याच्या पोटात आणखी एक, अशा सात अवस्था. लोखंडी पुलांवरून चालताना उजवीकडे एक जिना दिसतो, पुढे त्याच जिन्याच्या आत दुसरा जिना, त्याच्याही आत तिसरा. दगड लालसर-काळा, सच्छिद्र, ज्वालामुखीतून आलेला. सह्याद्रीच्या काळ्या बसाल्टवर लहानाची मोठी झालेली मी, त्यामुळे हात आपोआप दगडाकडे गेला. पहारेकऱ्याने लगेच बोट हलवलं!

सगळं उघडं कसं पडलं तीही नवलाचीच गोष्ट. २१ फेब्रुवारी १९७८ रोजी वीज कंपनीचे कामगार इथल्या रस्त्याच्या कोपऱ्यावर खणत होते. कुदळ एका कोरीव दगडावर आपटली. माती बाजूला केली तर सव्वातीन मीटर व्यासाची, आठेक टन वजनाची गोल शिळा, आणि तिच्यावर हातपाय आणि मुंडकं तोडलेली एक देवी. कोयोल्शाउकी, वित्सिलोपोच्त्लीची बहीण. भावानेच तिचे तुकडे करून तिला डोंगरावरून खाली लोटलं अशी कथा, म्हणून शिळाही बरोबर त्याच्या जिन्याच्या पायथ्याशी बसवलेली. मग एदुआर्दो मातोस मोक्तेसुमा यांच्या नेतृत्वाखाली उत्खनन सुरू झालं, वरच्या इमारती उतरवल्या गेल्या आणि फरशांखालून, जिन्यांखालून, कोपऱ्याकोपऱ्यातून अर्पणांच्या पेट्या निघू लागल्या. आजवर दोनशेच्या वर निघाल्या आहेत. खणणं अजून थांबलेलं नाही.

आपल्याकडे वास्तुशांतीला आग्नेय कोपऱ्यात खड्डा करून वास्तुप्रतिमा पुरतात आणि वर फरशी बसते. घरातली माणसं त्या फरशीवरून रोज ये-जा करतात, खाली काय आहे ते कुणी उकरून बघत नाही. इथे त्याच रीतीचा विस्तार बघून डोकं गरगरतं. त्लाल्तेकुत्ली या पृथ्वीदेवतेची शिळा २००६ मध्ये सापडली. बारा टनांची, चार मीटरहून लांब, गुलाबी दगडाची, आणि अंगावर तांबडा, गेरूचा, निळा, पांढरा, काळा रंग अजून शाबूत! संग्रहालयात शिरल्या शिरल्या ती समोर पसरलेली दिसते. पाय फाकून बसलेली, नखं काढलेली, स्वतःच्याच रक्ताची धार तोंडात घेणारी. या शिळेच्या खाली जी एक पेटी निघाली तिच्यात बारा हजारांहून अधिक वस्तू होत्या. एका पेटीत!

इथेच मला पुरातत्त्वाच्या अभ्यासातली खरी गंमत कळली, आणि तेव्हापासून मी ज्याला त्याला ती सांगत सुटले आहे. समजा, आपल्याकडे सत्यनारायणाची पूजा मांडली आहे. केळीचे खुंट, चौरंग, तांदळाची रास, तिच्यावर कलश, विड्याची पानं, पानांवर सुपाऱ्या. कुणी येऊन सगळं उचललं आणि गोणीत भरलं, तर वस्तू सगळ्या मिळतील, पण पूजा? ती मांडणीत होती. कशाखाली काय, कशाच्या उजव्या हाताला काय, आधी काय ठेवलं आणि शेवटी काय, हे गेलं की सगळं गेलं. शेकडो वर्षं जगभर खजिन्याच्या नादाने जमिनी उकरणाऱ्यांनी नेमकं हेच घालवलं.

इथले लोक त्याच्या अगदी उलट्या टोकाला गेलेत. १९९१ पासून उत्खननाचे प्रमुख असलेले लिओनार्दो लोपेस लुहान यांनी या पेट्यांचा क्रम वाचण्यातच हयात घालवली. पेटीत सर्वांत शेवटी ठेवलेली वस्तू सर्वांत आधी बाहेर येते, म्हणजे खणणाऱ्याला पूजा उलट्या क्रमाने उलगडत जावं लागतं. पुलावरून खाली वाकून बघितलं तेव्हा ताडपत्रीच्या सावलीत दोघंजण पोटावर आडवी झालेली दिसली. हातात बारीक ब्रश, शेजारी मोजपट्टी. एक टवका साफ करायचा, फोटो, नकाशावर खूण, मग पुढचा टवका. एकेका पेटीला महिनेच्या महिने! आणि या चिकाटीतून जे हाती लागलं ते असं, की कितीतरी पेट्यांत सगळ्यांत खाली समुद्र आहे, रेती, शंख, पोवळी, म्हणजे पाताळातलं पाणी. त्याच्यावर मगर किंवा करवतमासा, म्हणजे पाण्यावर तरंगणारी पृथ्वी. आणि त्याच्यावर देव. हातभर पेटीत अख्खं विश्व रचलेलं आहे, तेही खालून वर, जसं ते त्यांच्या मनात होतं तसंच.

त्लालोकच्या दालनात निळे माठ बघितले. गोल चष्म्यासारखे डोळे, वरच्या ओठातून आलेले सुळे, हा त्लालोकचा ठरलेला चेहरा. काही पेट्यांत असे निळे घडे मुद्दाम आडवे निजवलेले सापडले. पोटात हिरव्या दगडाचे मणी आणि तोंडाखाली एकेक वाडगं. पुराणकथेत त्लालोकचे मदतनीस डोंगरांवर बसून घड्यांतून पाऊस ओततात, घडा फुटला की वीज कडाडते. तर जमिनीखाली, काळोखात, बंद पेटीत हे घडे ओततायत. कायमचे. पाचशे वर्षं झाली, ओतणं चालूच आहे! मला आमच्याकडचा कोरडा आषाढ आठवला. कडुनिंबाच्या डहाळ्या बांधून गल्लीतून फिरणारी पोरं, धोंडी धोंडी म्हणत दारोदार त्यांच्या डोक्यावर पडणारे पाण्याचे तांबे, गाभारा पाण्याने भरून पिंड बुडवणारे गावकरी. आभाळाला करून दाखवायचं, बघ, असं पाड. ही युक्ती माणसाला दोन्हीकडे सुचली.

पण त्याच दालनात एका फलकापाशी पाय थबकतात. त्लालोकच्या बाजूलाच एका पेटीत ४२ मुलांचे अवशेष मिळाले. बहुतेक मुलं दोन ते सात वर्षांची. काहींच्या तोंडात हिरवा मणी. हाडांवर आजारपणाच्या, रक्तक्षयाच्या खुणा. १४५४ च्या सुमारास या खोऱ्यात भयंकर दुष्काळ पडला होता, त्याच्याशी अभ्यासक ही पेटी जोडतात. मी तो फलक परत परत वाचला. पुरंदरच्या शेंदऱ्या बुरुजाची कथा आपण लहानपणी गडावर ऐकतो, बुरूज उभा राहीना म्हणून पायात पुरलेल्या जोडप्याची, आणि ऐकून पुढे चालू लागतो. ती आख्यायिका आहे. इथे आख्यायिका नाही, हाडं आहेत, दुधाचे दात आहेत. या संस्कृतीच्या रंगांवर आणि कल्पकतेवर मी जीव ओवाळून टाकला असला तरी या पेटीला मला कुठलीच सबब द्यायची नाही. बऱ्याच वेळाने पुढे निघाले.

पुढच्या कपाटात सुऱ्या. चकमकीच्या दगडाच्या, पांढऱ्या-तपकिरी, पानाच्या आकाराच्या. आणि त्या बघतात! प्रत्येक सुरीला पांढऱ्या शिंपल्याचे डोळे, डोळ्यात ज्वालामुखीच्या काळ्या काचेचं बुबुळ, खाली दातांची कवळी. डोळे-दात बसवले की सुरी नुसती वस्तू उरत नाही. गावच्या शिवेवर शेंदूर फासलेल्या तांदळ्याला चांदीचे डोळे बसवल्यावर दगडाचं जे होतं ते इथे सुरीचं झालेलं. काहींना तर पोशाख चढवलेले, इवलीशी शस्त्रं दिलेली, कुणी एक देव, कुणी दुसरा. एका बोटभर सुरीच्या दागिन्यांसाठी कारागिराने किती डोळे फोडून घेतले असतील!

प्राण्यांचंही तसंच. २०१७ मध्ये निघालेल्या एका पेटीत जेमतेम आठ महिन्यांचा लांडगा होता. अंगावर सोन्याच्या पातळ पत्र्याचे २२ दागिने, त्यात नाकातली बाळी, छातीवरचा पदक-पत्रा, आणि कमरेला अटलांटिकच्या शिंपल्यांचा पट्टा. तोंड पश्चिमेला, मावळतीकडे. नदी ओलांडून मृत योद्ध्यांना पैलतीरी नेणारा वाटाड्या म्हणून लांडगा दिला असावा असा तर्क आहे. १९०० साली गटार बांधताना या पेटीला धक्का लागला होता, सोनं मात्र कुणाच्या नजरेस पडलं नाही. एरवी इथे सोनं तसं फारच थोडं. मौल्यवान म्हणजे सोनं ही समजूत या देवळाच्या दारातच सोडावी लागते. त्यांच्या लेखी अमोल काय, तर हिरवा दगड, शिंपला, पीस, आणि जे लांबून आलं ते. लांडगे, जग्वार, गरुड राजधानीत कोंडून पाळले जात हेही हाडांवरच्या भरून आलेल्या दुखापतींवरून आणि रोगांवरून कळलं आहे.

आणि तारामासे! एका गोल चौथऱ्याखालच्या पेटीत १६४ तारामासे मिळाले, आणि त्यांच्या सोबत एक जग्वार मादी. त्यातला एक तारामासा आधी ठेवला गेला, त्याच्यावर जग्वारचा भार आला, तो खालच्या वनस्पतीतंतूंच्या थरात रुतला आणि त्याचा ठसा जसाच्या तसा उमटून राहिला. बाकीच्यांचे कठीण कण विखुरले, या एकाचं पूर्ण अंग दिसतं. जग्वारच्या वजनाने जपून ठेवलेला तारामासा! असलं काही कल्पनेत तरी सुचेल का कुणाला?

लाकूड टिकलं ते शहराखाली अजून मुरलेल्या सरोवरामुळे. ओलाव्यात, हवेशिवाय, शेकडो राजदंड, मुखवटे, छोटी भाल्यांची फेकणी तशीच राहिली. बाहेर काढून वाळवली तर आक्रसून भुगा होतील. म्हणून कृत्रिम साखरेच्या द्रावणात ती महिनोन्‌महिने बुडवून ठेवतात, पाणी निघून जातं आणि त्या जागी साखर बसते. कैरीच्या फोडीत पाक मुरतो ना, अगदी तसंच. मुरांब्याचं हे तंत्र एका राजदंडाला लागू होताना बघून माझ्या आजीला काय वाटलं असतं!

शेवटच्या टप्प्यात एक तळहाताएवढा मुखवटा आहे, हिरव्या दगडाचा. जाड ओठ, कपाळाला मधोमध खाच. हा आस्तेकांचा नाही. त्यांच्याही कितीतरी आधीच्या ओल्मेक लोकांचा आहे, आणि पेटीत ठेवला गेला तेव्हाच तो दोन हजार वर्षांहून जुना होता! आस्तेक स्वतः जुन्या ओसाड नगरांत जायचे, तेओतिवाकानला खणायचे, तिथल्या वस्तू आदराने आणून आपल्या देवाला वाहायचे. दक्षिणेकडच्या गेरेरो प्रांतातल्या मेस्काला शैलीच्या पुरातन दगडी मूर्ती तर इथे ढिगाने आहेत. २०२३ मध्ये निघालेल्या एका दगडी पेटीत अशा १५ मूर्ती होत्या. म्हणजे आज पोटावर झोपून ब्रश चालवणाऱ्या त्या दोघांच्याही आधी इथे जुन्याचा शोध घेणारे लोक होते. फरक एवढाच, की ते काढलेलं पुन्हा पुरायचे.

बाहेर आले तो सोकालोच्या चौकात ढोल. पायांत वाळक्या बियांचे चाळ बांधलेले नर्तक, डोक्यावर दीड-दोन हातांची पिसं, मातीच्या धुपाटण्यातून कोपालचा धूर. कोपाल ही इथल्या झाडांची राळ, तिचे गोळे त्या पेट्यांतही जागोजाग सापडतात. वास ऊद आणि लिंबाच्या साली एकत्र जाळल्यासारखा, घशाशी जरा गोड. ऑक्टोबर संपत आला होता, मृतांचा सण तोंडावर, त्यामुळे शहरभर झेंडू. ट्रकच्या ट्रक झेंडू, पायऱ्यांवर झेंडू, पाकळ्यांच्या वाटा! झेंडू मूळचा याच मातीतला, आपल्याकडे तो पुढे युरोपीय जहाजांमागून आला आणि दसऱ्याचा होऊन बसला. इथे तो पितरांचा. घरोघरी पायऱ्यापायऱ्यांच्या मांडणीवर गेलेल्या माणसाचा फोटो, त्याच्या आवडीचं जेवण, पाण्याचा पेला, मेणबत्त्या. आपल्या सर्वपित्रीला कावळ्याची वाट बघतात, इथे झेंडूचा वास पितराला दार दाखवतो.

ग्वादालूपेच्या मेरीमातेच्या देवळाकडे जाणारी माणसं गुडघ्यांवर चालताना दिसली, कुणी आधी चादर अंथरून देतंय, कुणी पाण्याची बाटली धरून. लोटांगण बघितलेल्या माणसाला हे काही परकं वाटत नाही. तिथल्या संग्रहालयात नवस फेडल्याची चित्रं आहेत, पत्र्यावर रंगवलेली, वहीच्या पानाएवढी. घोड्यावरून पडलेला माणूस, खाटेवरची आजारी बाई, वर ढगात देवी, आणि खाली चार ओळींत नाव, गाव, काय संकट आलं आणि कसं टळलं. आपल्या वांद्र्याच्या मोतमाउलीला मेणाचे हातपाय वाहतात, देवीला चांदीचे डोळे वाहतात, पण तो डोळा कुणाचा, कोणत्या सालचा, कशासाठी, हे कुठे लिहिलेलं असतं? मेण वितळतं, चांदी आटवली जाते. मला फार हळहळ वाटते. शंभर वर्षांतल्या आपल्या बायकांच्या काळज्यांचा एवढा मोठा दफ्तरखाना, आणि त्याची साधी यादी नाही.

बाजारात नवसाचे पत्र्याचे तुकडे मुठीने विकतात. नखाएवढं हृदय, पाय, फुप्फुसं, कणीस, गाय, घर, अगदी मोटारसुद्धा. शहरातल्या एका जुन्या चर्चमध्ये संताच्या मूर्तीशेजारी लाल मखमलीचा पडदा होता, त्याच्यावर हे तुकडे इतके दाट टोचलेले की मखमल शोधावी लागावी. मी नाक लावून एकेक बघत होते. आधी दिसले नुसते पाय, मग दोन पायांमधला एक डोळा, मग एका रांगेत तीन बाळं. तेवढ्यात मागून एक बाई आली, हातात पिशवी, पिशवीतून डोकावणारी कोथिंबीर. माझ्याकडे बघून तिने तोंडभर हसून, हातानेच, जरा सरकायला सांगितलं. मी सरकले. तिने चष्मा कपाळावर चढवला, पडद्यावर बोट फिरवत मोकळी जागा हुडकली, नाही मिळाली, मग एक जुनं हृदय किंचित डावीकडे सारलं, त्याच्या शेजारी आपला पाय टोचला, आणि दोन पावलं मागे जाऊन तो सरळ बसलाय का ते बघितलं. वाकडा होता. तिने परत पुढे होऊन तो नीट केला.